नारीप्रभाचा कोर्स

५ जून २००५

आजपासून आयुष्याला नवीन वळण. याआधी तीनदा दिलं होतं, पण ती वळणंच चुकीची निघाली, त्यात माझा दोष नाही. एस.टी.डी. बूथ मोबाइलवाल्यांनी मारला. चुंबकाची गादी लोकांच्या अडाणीपणाने मारली. (त्या गादीवर आता मीच झोपतो. कंबर दुखते, पण ती गादीमुळे नाही.) तिसऱ्या वळणाबद्दल लिहीत नाही.

आज स्टेशन रोडच्या हॉटेलात साखळीने माल खपवणाऱ्या वनप्रभा इंटरनॅशनलची मीटिंग झाली. जयसिंगपूरचा सोमशेखर बोलला. दोन वर्षांपूर्वी हा माणूस खताच्या पोत्यावर बसून हिशेब लिहायचा. आज टाय लावतो आणि स्वतःला डायमंड म्हणवतो. त्याला जमतं तर मला का नाही? मी तर बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत गेलेला माणूस.

निश्चय असा की दिवाळीपर्यंत मी कंपनीचा सिल्व्हर मेंबर होणार. रोज पहाटे पन्नास जोर आणि शंभर बैठका, कारण सोमशेखर म्हणाला की माणूस आधी स्वतः विकला जातो, मग माल. आणि राजमतीला बरं करणार.

राजमती म्हणजे आमची मंडळी. चार वर्षं आजारी. सांधे सुजतात, गालांवर लाल चट्टे उठतात, दुपारी भांडं उचलवत नाही. राजारामपुरीतली डॉक्टरीणबाई त्याला लुपस म्हणते. शरीर स्वतःच्याच अंगावर उठतं, असा काहीतरी आजार. आमच्या भावकीत हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, त्याला कोणी लुपस म्हणत नाही.

७ जून

माल आला. ‘नारीप्रभा’ कॅप्सूल. शतावरीचं मूळ, अशोकाची साल, सोया आणि अल्फाल्फा नावाची परदेशी वनस्पती. पत्रकावर एक बाई सूर्याकडे हात पसरून उभी आहे. खाली ठळक अक्षरात लिहिलंय, ‘स्त्री-हार्मोन नैसर्गिकरीत्या वाढवते.’

राजमतीने पत्रक दोनदा वाचलं. म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलंय की या दुखण्याला बायकी हार्मोन भडकावतं, तसलं काही पोटात जाता कामा नये. म्हणून तर त्यांनी पाळीच्या गोळ्यासुद्धा बंद केल्या होत्या.

मी शांतपणे समजावून सांगितलं. डॉक्टरचं हार्मोन इंग्रजी, हे आयुर्वेदिक. हार्मोन हे केमिकल असतं. झाडात केमिकल कुठून येणार? उद्या म्हणतील दोडक्याला पाळी येते.

ती म्हणाली, फेब्रुवारीपतूर मला उभं ऱ्हायचंय, एवढं ध्यानात ठेवा. फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक आहे. बारा वर्षांनी एकदा येतो. मागच्या वेळी माझ्या बूथचं उद्घाटन होतं म्हणून तिचं जाणं राहिलं. या वेळी डोलीत न बसता आपल्या पायांनी बेट्ट (तिथला मूर्तीचा डोंगर) चढायचं, असं तिने मनात घेतलंय. डॉक्टरीणबाई म्हणाली आहे, दुखणं तोवर निजलेलं राहिलं तर हरकत नाही.

मी म्हटलं, निजलेलं कशाला, आपण त्याला हाकलूनच देऊ. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, शंभर दिवसांचा कोर्स. पहिली कॅप्सूल माझ्या हाताने दिली. गिळली बिचारीने.

९ जून

जोर आजपासून तात्पुरते बंद. चटई खूप पातळ आहे. जाड चटई आणून मग सुरू करणार.

२१ जून

राजमतीच्या गालांवर तेज आलं आहे. लालबुंद. मी दुकानात (महाद्वार रोडला आमचं भांड्यांचं दुकान आहे, वडिलांनी काढलेलं, मी सहन केलेलं) येईल त्या गिऱ्हाइकाला हे सांगितलं. एक बाई म्हणाली, त्या तेजाला हात लावला तर पोळतं का? मी तिला कुकर दाखवला नाही. असल्या लोकांशी धंदा करायचा म्हणजे डोक्याला ताप.

३० जून

राजमतीला ताप. बोटं पावासारखी फुगली आहेत. बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. केस कंगव्यात येतात.

सोमशेखरला फोन केला. तो आनंदाने ओरडलाच. म्हणाला, तात्यासो सर, अभिनंदन! हे शुद्धीकरण हाय. चार वर्षांचं औषधांचं इख बाहेर पडालंय. डोस वाढवा.

मला पटलं. घर झाडलं की धूळ उडतेच. राजमतीला हे उदाहरण दिलं. ती म्हणाली, धूळ उडती तवा झाडणारा बाजूला हुतो, मला कुठं बाजूला व्हायचं? आजारी माणसाला तर्कशास्त्र कळत नाही. डोस वाढवला.

१४ जुलै

बिद्रीजवळच्या एका गावात माझं पहिलं स्वतंत्र भाषण. साखर कारखान्याच्या माणसांच्या बायका जमल्या होत्या, चांगल्या तीसेक. मी प्रोजेक्टर नसल्याने हातवारे करून बोललो. अल्फाल्फा हा शब्द उच्चारताना मी नेहमी थोडा थांबतो, म्हणजे वजन येतं. परदेशात राण्या ही वनस्पती खातात, असं सांगून मी त्याचं छापील चित्र वर धरलं.

मागून एक म्हातारी उठली, चष्मा पुसून चित्राजवळ आली आणि म्हणाली, ही लसूणघास की वो!

मग सगळ्या उठल्या. व्हय की, लसूणघासच. आमच्या म्हशी रोज खात्यात. एकीने विचारलं, त्यास्नी कधी सिल्व्हर करतासा? दुसरी म्हणाली, पावणं, भारा कसा दिला?

ज्या गावात घास आणि गवत यांच्यापलीकडे विचार जात नाही तिथे विज्ञान कुणाला सांगायचं? चहा मात्र चांगला होता. म्हशीच्या दुधाचा.

२८ जुलै

पंचगंगेला पूर. शिरोळकडे तर होड्या चालल्या आहेत. आमची आक्का (माझी थोरली बहीण, विधवा, गावी एकटी असते) पाणी शिरल्यामुळे एका ट्रंकेसह आमच्याकडे आली. आक्काला मी लहानपणापासून घाबरतो असं लोक म्हणतात. घाबरत नाही, मान देतो.

तिने राजमतीकडे बघितलं आणि मला विचारलं, तात्या, हिला काय केलंस?

काय केलंस म्हणजे? म्हणे काय केलंस! औषध करतोय. आक्काने खाटेखालची खोकी बाहेर ओढली. पॉइंट मिळावेत म्हणून थोडा जास्त माल घेतला होता, आठ-नऊ खोकी. आक्का म्हणाली, पुरातनं मी एक ट्रंक वाचवली, आणि तू घरात पूर भरून ठेवलाईस.

४ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईकडे. लघवीतून प्रथिनं जातात म्हणे. किडनीवर परिणाम व्हायला लागलाय. स्टेरॉइडचा डोस वाढवला. मला तिच्या बोलण्यातला फापटपसारा आवडत नाही. हिचं सगळं शास्त्र भीतीवर चालतं.

मग तिने पेन खाली ठेवून विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? कुणी दिलेली जडीबुटी, पावडर, काहीही?

आता नीट विचार केला तर नारीप्रभा हे औषध नाही. खोक्यावर स्पष्ट लिहिलंय, ‘हे औषध नसून आहारपूरक आहे.’ आणि जडीबुटी म्हणावी तर ती कॅप्सूलमध्ये आहे. म्हणजे प्रश्न आमच्याबद्दल नव्हताच. मी भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत राहिलो. फारच चांगलं काढलंय, डावा कप्पा निळा.

राजमती माझ्याकडे बघत होती. तिनेही काही सांगितलं नाही. म्हणजे तिलाही ते औषध वाटत नसणार.

५ ऑगस्ट

सकाळी राजमती म्हणाली, काल तुमी बोलशीला म्हणून मी गप बसले.

कशाबद्दल, मी विचारलं. ती उठून आत गेली. या घरात मुद्द्याचं कुणी बोलत नाही.

२० ऑगस्ट

राजमती कॅप्सूल बंद करते म्हणते. मी समजावलं की शंभर दिवस पुरे व्हायला आता थोडेच राहिलेत आणि दिवाळीच्या मीटिंगमध्ये मला ‘माझी पत्नी, माझा पुरावा’ या विषयावर बोलायचंय. पुरावा अर्ध्यावर कसा सोडायचा? ती म्हणाली, पुराव्याला ताप आलाय. मी हसून सोडून दिलं. विनोदबुद्धी शाबूत आहे म्हणजे प्रकृती सुधारतेय.

आक्का पूर ओसरूनही जायचं नाव काढत नाही.

१२ सप्टेंबर

पर्युषण. आज बस्तीत (आमच्या जैन मंदिरात) सगळा समाज जमला होता. प्रवचन संपल्यावर साध्वी माताजी म्हणाल्या, कुणाला काही नेम घ्यायचा असेल तर पुढे यावं. नेहमीप्रमाणे कुणी हिरवी भाजी सोडली, कुणी रात्रीचं पाणी. एवढ्यात बायकांच्या रांगेतून आमची राजमती उठली. आक्काने हात धरला होता. सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाली, मी जन्मभरासाठी कंदमूळ सोडते. कांदा, लसूण, बटाटा, जमिनीतलं कुठलंही मूळ, कुठल्याही रूपात.

जन्मभर! सगळी बस्ती हलली. माताजींनी आशीर्वाद दिला. माझी मान ताठ झाली. दहा जणांनी येऊन माझे हात हातात घेतले. मी त्यांना सांगितलं की आमच्या घरात आधीपासूनच तसं वातावरण आहे. येताना मिरजकर तिकटीला बटाटावडा खाल्ला. नेम तिचा आहे.

१३ सप्टेंबर

सकाळी दोन कॅप्सूल तळहातावर घेऊन गेलो. राजमतीने हात मागे घेतला. म्हणाली, नेम मोडायला सांगतासा?

मी म्हटलं, कुठला नेम? तिने पत्रक पुढे केलं. ‘शतावरी (मूळ).’ आक्काने दारातून री ओढली, मूळ म्हंजे मूळ की रे तात्या, कुठल्याही रूपात म्हणली ती, काल तूच टाळ्या वाजवत हुतास.

सोमशेखरला फोन केला. तो लिंगायत, त्याला कंदमुळाचं गांभीर्य काय कळणार. म्हणाला, सांगा की ते खोड आहे. मी रागावलो. धर्माच्या बाबतीत खोटं मी बोलणार नाही. शिवाय आक्का घरात आहे.

कोर्स थांबला. दोनतीन दिवस कमी पडले. तेवढं चालतं.

२ ऑक्टोबर

आमटीत लसूण नाही, पिठल्यात कांदा नाही, मिसळीचं नाव नाही. आणि हे कोल्हापुरात! राजमतीचा नेम तिच्यासाठी आहे, पण पातेलं एकच आहे. आक्का म्हणते, तुला वेगळं पाहिजे असंल तर विस्तव तिथं हाय.

खाटेखाली खोकी तशीच. शेजारच्या शालूबाईने एक घेतलं होतं, तेही परत आणून दिलं. म्हणाली, कपाळ दुखतंय. पुढच्या महिन्याची खरेदी दाखवली नाही तर सिल्व्हर गेलं. विचारांती असा निर्णय घेतला की माल मीच संपवायचा. ‘नारी’ हा फक्त नावाचा भाग आहे. वनस्पतीला समोर कोण आहे ते काय माहीत? मी नेम घेतलेला नाही. आणि माणसाने स्वतः वापरल्याशिवाय दुसऱ्याला सांगू नये, ही माझी तत्त्वनिष्ठा.

सकाळी सहा, संध्याकाळी सहा. पुरुषाचं शरीर मोठं असतं.

३० ऑक्टोबर

राजमती दारापुढे रांगोळी काढत होती. खाली बसून! उठताना भिंतीचा आधार घेतला नाही. ताप गेलाय. चट्टे फिके झालेत. बांगड्या परत चढल्या.

मी कारणाचा अभ्यास केला. डॉक्टरीणबाईचा वाढवलेला डोस हे कारण असू शकत नाही, कारण ती चार वर्षं डोसच देतेय. कॅप्सूल बंद झाली म्हणून बरं वाटतंय असं आक्का म्हणते, पण बंद केलेल्या गोष्टीने कुणाला गुण कसा येईल? उत्तर सोपं आहे. वनस्पती सावकाश काम करते. जून ते सप्टेंबर घेतलेल्या कोर्सचा गुण आता यायला लागलाय.

राजमतीला हे सांगितलं. तिने रांगोळीचा डबा बंद केला आणि आत गेली. भारावली असावी.

२० नोव्हेंबर

आंघोळीच्या वेळी लक्षात आलं. छाती भरली आहे. आरशात बाजूने बघितलं, समोरून बघितलं. स्पष्ट भरली आहे. जूनमध्ये घातलेल्या जोरांचं हे फळ. लोक म्हणतात दोन दिवसांच्या व्यायामाने काय होतं. ज्यांच्या रक्तात पैलवानी नाही त्यांना होत नसेल. आमचे पणजोबा खासबागेत कुस्ती बघायला जायचे.

१८ डिसेंबर

दिवाळीची मीटिंग कंपनीने जानेवारीवर ढकलली; त्या मोठ्या सेमिनारसाठी सफारी शिवायला गुंडू टेलरकडे गेलो. त्याने टेप लावला, परत लावला, मग पेन्सिल कानावर ठेवली. म्हणाला, सावकार, छाती वाढलीया. मी म्हटलं, व्यायाम. तो म्हणाला, व्यायामानं खांदं वाढत्यात. हे निसतं पुढनं वाढलंय.

शिंप्याला शरीरशास्त्राचा काय गंध! मी त्याला माप लिहून घ्यायला सांगितलं. त्याने पुढच्या बाजूला दोन चुण्या ठेवू का विचारलं. बायकांच्या ब्लाउजला ठेवतात तशा. मी उठून आलो. सफारी दुसरीकडे शिवणार.

६ जानेवारी २००६

सेमिनार. स्टेजवर मी. ‘माझी पत्नी, माझा पुरावा.’ राजमतीला आणायचं ठरलं होतं, पण ती म्हणाली तिला भाजी निवडायचीय. मी म्हटलं, भाजी काय पळून जाते का? ती म्हणाली, न्हाय, पण मी जाईन.

तरी मी बोललो. मरणाच्या दारातून परत आणली, असं म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. टाळ्या. सोमशेखरने मिठी मारली. मी ओरडलो. त्याला वाटलं आनंदाने.

सिल्व्हर झालो. छातीवर बिल्ला लावला. फार दुखलं.

२० जानेवारी

बनियन टोचतो. दोन्ही बाजूंना आतून गाठ असल्यासारखं. कुशीवर झोपवत नाही, पालथं तर नाहीच. सोमशेखरला फोन केला. तो आनंदाने ओरडला. अभिनंदन सर, शुद्धीकरण! इख बाहेर पडालंय, डोस वाढवा.

मी फोन आपटला. माणूस मूर्ख आहे. दुखतंय कुणाला आणि अभिनंदन कसलं? खताच्या पोत्यावर बसणाऱ्याला दुसऱ्याच्या अंगातलं काय कळतंय!

डोस वाढवला नाही. बाराच ठेवला. एक खोकं उरलंय, ते फुकट का घालवायचं.

८ फेब्रुवारी

उद्या निघायचं. डॉक्टरीणबाईने राजमतीला परवानगी दिली. लघवी साफ झाली, डोसही उतरवला. सावलीत थांबत थांबत चढा, टोपी घाला, पाणी प्या, एवढंच म्हणाली. राजमतीने चार दिवस आधीच बॅग भरली आहे. काल तिला गुणगुणताना ऐकलं. चार वर्षांत ऐकलं नव्हतं. बरं वाटलं. नारीप्रभाने हे करून दाखवलं.

आमच्या बस्तीतून नऊ जोडप्यांना कलश मिळालाय, त्यात आम्ही. मी आणि राजमती, जोडीने वर उभं राहून अभिषेक करणार. सोमशेखरने कॅमेरा दिलाय. कलश हातात घेतलेल्या राजमतीचा फोटो कंपनीच्या मासिकात यायचाय.

१२ फेब्रुवारी, श्रवणबेळगोळ, दुपार

लिहायला भरपूर वेळ आहे.

पहाटे धर्मशाळेत आंघोळ झाली. बाहेर आमची सगळी मंडळी तयार. कलश करणाऱ्या पुरुषाने सोवळ्यात जायचं, म्हणजे धोतर आणि दुपट्टा. वर उघडं. सदरा नाही, बनियन नाही. हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी काल रात्रीपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. मी फोटोचाच विचार करत होतो.

दुपट्टा गळ्याभोवती दोनदा गुंडाळला. मग छातीवरून आडवा घेतला. मग पदरासारखा घेतला. त्याने जास्तच दिसत होतं. बाहेरून हाका. भरमाप्पा मगदूम (आमच्या भावकीतला, तोंडाचा फाटका) आत डोकावला. थांबला. म्हणाला, तात्यासो, हे काय वं?

मी म्हटलं, व्यायाम.

तो म्हणाला, कुठल्या तालमीत?

सगळ्या धर्मशाळेला कळायला दोन मिनिटं लागली असतील. भावकीला रोग ओळखता येत नाही, पण बातमी ओळखता येते.

राजमती आत आली. दार लावून घेतलं. दुपट्टा बाजूला केला आणि बघितलं. मग हसली. आधी तोंडाला हात लावून, मग मोठ्याने, मग भिंत धरून. एवढी की डोळ्यांतून पाणी आलं. माझं नाव घेऊन हसली, लग्नानंतर पहिल्यांदा. म्हणाली, झाडात हार्मोन नसतंय म्हणला हुता की!

मग हसणं थांबलं. पाणी थांबलं नाही. म्हणाली, तुमची छाती फुगली तर आज तुमाला दुखलं. माझं अंग सुजलं हुतं तवा दिसलं न्हाई? तुमच्या हातानं गिळलं मी, चार-चार गोळ्या. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर इचारलं, तरी तुमी भिंतीवरचं चित्र बघत बसला.

मी कॅमेरा गळ्यात अडकवला. 

ती आक्काला घेऊन निघाली. कलश जोडीनेच घ्यायचा असं काही नाही म्हणे, बाईमाणूसही घेते. डोलीवाले मागे लागले होते, त्यांना तिने हाताने दूर केलं. खालून बघत होतो. उन्हात खडक तापलेला. दहा पायऱ्या चढायची, टेकायची, परत चढायची. आक्का छत्री धरून. एकदाही खाली वळून बघितलं नाही. मग ती इतर माणसांत मिसळली आणि कोणती राजमती ते ओळखू येईना.

मी इथे मंडळींच्या चपला राखतोय. हेही काम कुणीतरी करायलाच हवं. अठरा जोड. शालीत बसलोय, थंडी आहे असं सांगितलं. फेब्रुवारीचं दुपारचं ऊन.

संध्याकाळ

उतरली. केसांना हळद, साडी दुधाने चिकट, पण डोलीत नाही, पायांवर होती. तिने डबीत जपून आणलेलं अभिषेकाचं गंधोदक माझ्या कपाळाला लावलं. थोडं छातीला लावू का, असं आक्काने विचारलं.

कॅमेरा माझ्या गळ्यातच राहिला. वरचा एकही फोटो नाही. चपलांचे चार आहेत.

२२ फेब्रुवारी, कोल्हापूर

राजमती मला डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली. मी पुरुष डॉक्टरकडे जाऊ म्हटलं होतं. ती म्हणाली, हितं तुमचं अर्धं केस आधीच लिहिलेलं हाय. बाहेर सगळ्या बायका बसल्या होत्या. कंपाउंडरने हाक मारली, राजमतीबाईंचे मिस्टर!

तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. विचारलं, काही औषध चालू आहे का? जडीबुटी, पावडर, काहीही?

मी भिंतीकडे बघितलं. हृदयाचं चित्र काढून तिथे कॅलेंडर लावलंय.

राजमतीने पर्समधून नारीप्रभाचं रिकामं खोकं काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईने पत्रक वाचलं, किती घेता विचारलं. मी आकडा पुटपुटलो. ती म्हणाली, सोया, शतावरी, अल्फाल्फा, यातल्या काही गोष्टी शरीराशी बायकी हार्मोनसारख्याच वागतात, आणि असल्या कंपन्या आत आणखी काय मिसळतात ते देव जाणे. बंद करा, बहुतेक उतरेल. मग तिचं लक्ष राजमतीकडे गेलं. विचारलं, बाई, तुम्हीही घेतलंत का हे? कधी?

राजमती म्हणाली, जून ते पर्युषण.

डॉक्टरीणबाईने जुना केसपेपर काढला. ऑगस्टचं पान उघडून वाचलं. लुपसच्या बाईला हे देणं म्हणजे विस्तवावर रॉकेल ओतणं, किडनी थोडक्यात वाचली, असं ती म्हणाली. अल्फाल्फा तर या दुखण्यात मुळीच नको. मग तिने चष्मा काढला आणि विचारलं, मी त्या दिवशी विचारलं होतं ना? मला का सांगितलं नाही?

हे तिने राजमतीला विचारलं.  राजमती माझ्याकडे बघून माझ्या उत्तराची वाट बघत बसली.

पंखा जोरात होता. शाल घट्ट धरली.

दोघांचं रक्त तपासायला दिलं आणि रिक्षाने निघालो. रंकाळ्याजवळ तिने रिक्षा थांबवून स्वतःसाठी शहाळं घेतलं. एकच.

संध्याकाळी राजमतीचे रिपोर्ट नॉर्मल आले. माझे उद्या येतात.